राज्याचे सर्वोच्च न्यायालय आणि एका न्यायमूर्तींची त्रेचाळीस वर्षे

‘सर्वोच्च न्यायालय’ म्हटले की आपल्याला दिल्लीतले एकच न्यायालय आठवते. त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या ‘सर्वोच्च न्यायालया’ने अमुक निकाल दिला अशी बातमी वाचली की गोंधळ उडतो आणि बहुतेक वाचक मनातल्या मनात त्याचे भाषांतर ‘तिथले हायकोर्ट’ असे करून मोकळे होतात. हे भाषांतर सोयीचे असले तरी फसवे आहे. मुंबई उच्च न्यायालय आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय ही एकाच न्यायव्यवस्थेची दोन पदे आहेत. मुंबईच्या निकालाविरुद्ध दिल्लीला जाता येते, दोन्हीकडच्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी, तर सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना, स्वतःचे कायदे आणि ते लावणारी स्वतःची संपूर्ण न्यायव्यवस्था आहे. संघराज्याची, म्हणजे केंद्राची, न्यायालये तिच्या शेजारी स्वतंत्रपणे उभी आहेत. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, या प्रश्नावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर अखेरचे असते. त्यात संघराज्याच्या घटनेचा किंवा कायद्याचा मुद्दा गुंतलेला नसेल, तर वॉशिंग्टनमधील सर्वोच्च न्यायालयालाही ते बदलता येत नाही.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, घराची खरेदी, भाडेकरूचा वाद, मोटार अपघात, डॉक्टरांचा निष्काळजीपणा, खून, चोरी, नोकरीचे करार हे सगळे मुख्यतः राज्याच्या कायद्याचे विषय आहेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा कोर्टाशी कधी संबंध आलाच, तर तो बहुधा राज्याच्या न्यायालयाशीच येतो. वृत्तपत्रांचे मथळे वॉशिंग्टनच्या नऊ न्यायमूर्तींसाठी राखलेले असले, तरी लोकांच्या रोजच्या जगण्याचे कायदे कुठे घडतात हे पाहायचे असेल तर राज्यांकडेच पाहावे लागते.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटले प्रथम चालवणाऱ्या न्यायालयाचे नाव आहे आणि राज्यातील अखेरचे न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणून ओळखले जाते. मेरीलँडमध्येही शिखर न्यायालयाचे हेच नाव होते, ते २०२२ मध्ये मतदारांच्या संमतीने बदलले गेले. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी तर दिवाणी व फौजदारी अशी दोन वेगळी शिखर न्यायालये ठेवली आहेत. न्यायमूर्तींची संख्या कुठे पाच, कुठे सात, कुठे नऊ असते.

या खुर्चीवर माणूस पोहोचतो कसा, याची पद्धतही राज्याराज्यांत वेगळी आहे. ऱ्होड आयलंडमध्ये नेमणूक तहहयात असते. मॅसॅच्युसेट्समध्ये ती वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत असते. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना येथे विधिमंडळ न्यायमूर्ती निवडते. मिसूरीने १९४० मध्ये मधला मार्ग काढला. तिथे एक समिती काही नावे सुचवते, राज्यपाल त्यांतून एकाची नेमणूक करतात आणि काही काळाने मतदारांना एवढेच विचारले जाते की या न्यायमूर्तींना पदावर ठेवायचे की नाही. समोर प्रतिस्पर्धी नसतो, फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. ही पद्धत पुढे अनेक राज्यांनी उचलली. तरीही ‘नाही’ची टांगती तलवार काय करू शकते हे आयोवात दिसले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी मुदत संपलेल्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी घरी पाठवले. उरलेल्या राज्यांपैकी बऱ्याच ठिकाणी न्यायमूर्ती सरळ उमेदवार म्हणून निवडणूक लढवतात, प्रचार करतात, देणग्या घेतात. भारतीय वाचकाला हे ऐकून धक्का बसतो. मलाही ही पद्धत पटत नाही. पण ती ज्यांनी सुरू केली त्यांचा विचार वेडगळ नव्हता. एकोणिसाव्या शतकात राज्यपाल आणि विधिमंडळे आपल्या बगलबच्च्यांना न्यायासनावर बसवत होती. लोकांनी निवडलेला न्यायाधीश तरी त्यांना जुमानणार नाही, अशी त्यामागची आशा होती.

विस्कॉन्सिन हे असेच निवडणुकीचे राज्य आहे. ते १८४८ मध्ये संघराज्यात आले आणि तेव्हापासून तेथे न्यायाधीश मतदार निवडतात. सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती, प्रत्येकाची मुदत दहा वर्षे, निवडणूक एप्रिलमध्ये आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नाही. उमेदवाराकडे राज्यातील वकिलीची सनद किमान पाच वर्षे असली पाहिजे, एवढीच काय ती व्यावसायिक अट. एका वर्षी एकाहून अधिक जागांची निवडणूक घ्यायची नाही, असा राज्यघटनेतच नियम आहे. मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली तर राज्यपाल नेमणूक करतात आणि ज्या एप्रिलमध्ये दुसऱ्या कोणत्याही जागेची निवडणूक नसेल, त्या एप्रिलपर्यंत नेमलेली व्यक्ती पदावर राहते. किचकट वाटणारा हा नियम कारकीर्द घडवण्यात फार महत्त्वाचा ठरतो, कारण नेमणुकीने आलेल्या व्यक्तीला काही वर्षे काम दाखवायला मिळतात आणि मतदारांसमोर ती ‘विद्यमान न्यायमूर्ती’ म्हणून उभी राहते.

शर्ली अब्राहमसन याच वाटेने आल्या. या राज्याच्या इतिहासात सर्वाधिक काळ न्यायासनावर राहिलेल्या न्यायमूर्ती त्याच. १९७६ ते २०१९ अशी त्यांची त्रेचाळीस वर्षांची कारकीर्द पाहिली की या पदाचे जवळजवळ सगळे पैलू डोळ्यांसमोर येतात.

त्यांचा जन्म १९३३ चा, न्यूयॉर्क शहरातला. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. न्यूयॉर्क विद्यापीठातून पदवी घेऊन त्या इंडियाना विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात गेल्या आणि १९५६ मध्ये वर्गात पहिल्या आल्या. त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. पहिला क्रमांक येऊनही एखाद्या वकिली फर्मच्या ग्रंथालयात कदाचित काम मिळेल, असा सल्ला त्यांना महाविद्यालयाच्या प्रमुखांनी दिल्याचे त्या पुढे सांगत. पती सेमूर हे आनुवंशशास्त्रज्ञ होते. त्यांच्याबरोबर त्या विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन येथे आल्या, तेथील विद्यापीठातून १९६२ मध्ये कायद्यातील डॉक्टरेट घेतली आणि शहरातल्या एका नामांकित फर्ममध्ये पहिल्या स्त्री वकील म्हणून रुजू झाल्या. चौदा वर्षे त्यांनी वकिली केली आणि त्याच काळात विद्यापीठात कायदा शिकवला. त्या कनिष्ठ न्यायालयात न्यायाधीश कधीच नव्हत्या. अमेरिकेत हे अपवादात्मक नाही. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश चढत चढत उच्च न्यायालयात येतो आणि थेट वकिलांतूनही नेमणुका होतात, तसेच तिथेही अनेक रस्ते आहेत. कोणी अपील न्यायालयातून येतो, कोणी सरकारी वकील असतो, कोणी राज्यपालांचा कायदा सल्लागार.

१९७६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती होरेस विल्की यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि राज्यपाल पॅट्रिक ल्युसी यांनी त्या जागी अब्राहमसन यांना नेमले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातील त्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती. तो काळच तसा होता. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांची नेमणूक झाली ती १९७८ मध्ये, आणि वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री बसली ती १९८१ मध्ये. अब्राहमसन यांची पहिली निवडणूक १९७९ मध्ये झाली. ती त्यांनी जिंकली आणि नंतर १९८९, १९९९ व २००९ अशा आणखी तीन जिंकल्या.

न्यायमूर्तींचा रोजचा दिवस मात्र निवडणुकीसारखा गजबजलेला नसतो. त्यातला बहुतेक वेळ वाचनात जातो. अब्राहमसन आल्या तेव्हा राज्यात मधले अपील न्यायालयच नव्हते आणि सगळी अपिले थेट या सात जणांपुढे येत. १९७७ च्या घटनादुरुस्तीने अपील न्यायालय स्थापन झाले, ते पुढच्या वर्षी सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाचे स्वरूपच पालटले. त्यानंतर पक्षकाराला तेथे हक्काने जाता येत नाही. त्याला अर्ज करावा लागतो आणि सातपैकी किमान तिघांना तो प्रश्न राज्याच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटला, तरच प्रकरण दाखल होते. म्हणजे ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे पुरत नाही. कायद्याचा एखादा मुद्दा अस्पष्ट आहे, दोन निकालांत विसंगती आहे किंवा जुना नियम बदलण्याची वेळ आली आहे, असे दाखवावे लागते. चूक सुधारण्याचे काम अपील न्यायालयाचे, कायदा स्पष्ट करण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाचे, अशी ही ढोबळ विभागणी आहे.

प्रकरण दाखल झाले की दोन्ही बाजूंची लेखी निवेदने येतात. मग तोंडी युक्तिवाद होतो, आणि तो आपल्याकडच्या दिवसचे दिवस चालणाऱ्या सुनावणीसारखा नसतो. वेळ मोजून दिलेला असतो आणि त्यातला बराचसा न्यायमूर्तींच्या प्रश्नांतच संपतो. अब्राहमसन प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध होत्या. वकिलाने तयार करून आणलेले भाषण त्यांच्यापुढे फार काळ टिकत नसे. युक्तिवादानंतर सातही जण बंद दाराआड बसतात आणि कच्चे मत देतात. त्यानंतर निकालपत्र कोणी लिहायचे हे विस्कॉन्सिनमध्ये चिठ्ठी टाकावी तसे, नशिबावर ठरते. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. वॉशिंग्टनमध्ये सरन्यायाधीश बहुमतात असतील तर निकाल कोणी लिहायचा हे तेच ठरवतात आणि त्यामुळे त्यांच्या हाती मोठी शक्ती येते. विस्कॉन्सिनच्या मुख्य न्यायमूर्तींना ती सवलत नाही. ज्याच्या वाट्याला प्रकरण येते तो मसुदा लिहितो, तो सर्वांकडे फिरतो, कोणी दुरुस्त्या सुचवतो, कोणी निष्कर्षाशी सहमत पण कारणांशी असहमत म्हणून वेगळे निकालपत्र लिहितो, कोणी भिन्नमत मांडतो. कधीकधी मसुदा वाचून एखाद्याचे मत बदलते आणि बहुमताचे अल्पमत होते.

हे सारे जिथे चालते ते दालन मॅडिसनच्या विधान भवनातच आहे. संगमरवरी भिंतींवर अल्बर्ट हर्टर या चित्रकाराची चार मोठी चित्रे आहेत. एकात रोमन सम्राट ऑगस्टस खटला ऐकतो आहे, दुसऱ्यात इंग्लंडचा राजा मॅग्ना कार्टाला, म्हणजे राजसत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेला, संमती देतो आहे, तिसऱ्यात अमेरिकेच्या घटनेवर सह्या होत आहेत. चौथे चित्र स्थानिक आहे आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण. मेनॉमिनी या मूळनिवासी जमातीचे प्रमुख ओशकोश यांच्यावर १८३० मध्ये खुनाचा खटला चालला. त्यांच्या जमातीतील एकाला ज्याने मारले होते, त्याला त्यांनी जमातीच्या रिवाजाप्रमाणे मारले होते. न्यायाधीश जेम्स डोटी यांनी त्यांना सोडून दिले, कारण गोऱ्या वसाहतींचा कायदा जमातीच्या अंतर्गत व्यवहाराला लागू होत नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. एकाच भूमीवर एकाहून अधिक कायदे नांदतात आणि त्यांपैकी कोणता लागू होतो हे आधी ठरवावे लागते, हा प्रश्न त्या दालनात आजही रोजचाच आहे.

न्यायमूर्ती नेमके काय करतात हे समजून घ्यायला एक निकाल जवळून पाहणे बरे. १९८७ मधील ‘वॉट्स विरुद्ध वॉट्स’ हा तो निकाल, आणि तो अब्राहमसन यांनी लिहिला. एक स्त्री आणि एक पुरुष सुमारे बारा वर्षे एकत्र राहिले होते. विवाह झाला नव्हता, पण तिने त्याचे आडनाव लावले होते, त्यांना दोन मुले होती, आयकराची विवरणपत्रे दोघे पतीपत्नी म्हणून एकत्र भरत होते. तिने घर सांभाळले, मुले वाढवली आणि त्याच्या व्यवसायातही काम केले. संबंध तुटल्यावर या काळात जमलेल्या संपत्तीत तिने वाटा मागितला. खालच्या न्यायालयाने तिचा दावा पुराव्यापर्यंत जाऊच दिला नाही आणि सुरुवातीलाच फेटाळला. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना न्यायालयाने मदत केली तर विवाहसंस्थेला धक्का बसेल, हे त्यामागचे तत्त्व होते.

निकालपत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिला प्रश्न असा की, कुटुंबविषयक कायद्यात घटस्फोटाच्या वेळी मालमत्ता वाटण्याची जी तरतूद आहे, ती अविवाहितांना लागू करता येईल का. उत्तर: नाही. तो कायदा विधिमंडळाने विवाहितांसाठी केलेला आहे आणि न्यायालयाने तो ताणू नये. दुसरा प्रश्न असा की, इतकी वर्षे पतीपत्नी म्हणून वावरल्यावर त्या पुरुषाला आता ‘आमचे लग्नच झाले नव्हते’ असे म्हणण्यापासून रोखता येईल का. उत्तर पुन्हा नाही, कारण विधीशिवायचे लग्न राज्याने १९१७ मध्येच मोडीत काढले होते. इथवर वाचणाऱ्याला वाटेल की ती स्त्री हरली. पण त्यानंतर निकाल वळतो. एकत्र राहणाऱ्या दोन प्रौढ व्यक्ती आपसात मालमत्तेविषयी करार करू शकतात का? करार केवळ शरीरसंबंधाच्या मोबदल्यात नसेल, तर लग्न झालेले नाही एवढ्यावरून तो बेकायदा कसा ठरेल? आणि करार सिद्ध झाला नाही, तरी एकाच्या श्रमावर दुसऱ्याने संपत्ती जमवून ती सगळी स्वतःकडे ठेवणे न्यायाला धरून आहे का? एकत्र राहण्याला मान्यता द्यायची नाही म्हणून न्यायालयाने हात झटकले, तर प्रत्यक्षात त्या ‘अनैतिक’ संबंधातील एकाच पक्षाला सारे काही मिळते आणि दुसरा रिकाम्या हाताने जातो. मग नैतिकतेचे रक्षण झाले ते कोणते? न्यायालयाने दावा पुढे चालवण्याची मुभा दिली. ती स्त्री जिंकली असे न्यायालयाने म्हटले नाही. तिने जे सांगितले ते खरे असल्याचे सिद्ध झाले, तर तिला दाद मागता येईल, एवढेच ठरवले.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कामाची जात या ‘एवढेच’मध्ये आहे. विधिमंडळाचा कायदा जिथे आहे तिथे थांबायचे आणि जिथे तो गप्प आहे तिथे करार, समन्याय (म्हणजे कोरड्या नियमापलीकडे रास्त काय ते पाहणे), भागीदारी या शतकानुशतके न्यायालयांनीच घडवलेल्या तत्त्वांतून मार्ग काढायचा. वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींना हे काम क्वचित करावे लागते, कारण त्यांच्यापुढे मुख्यतः लिखित घटना आणि केंद्राचे कायदे असतात. असा न्यायालयनिर्मित कायदा घडवण्याची खरी सत्ता राज्यांच्या न्यायमूर्तींकडे आहे.

त्यांच्याकडे दुसरीही एक सत्ता आहे, आणि अब्राहमसन तिच्या ठाम पुरस्कर्त्या होत्या. राज्याच्या घटनेतही नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद असते. संघराज्याच्या घटनेने दिलेले हक्क हा तळ आहे, राज्याला त्याखाली जाता येत नाही. पण राज्याचे न्यायालय आपल्या घटनेचा अर्थ अधिक उदार लावून त्याच्या वर जाऊ शकते. १९७० च्या दशकात वॉशिंग्टनचे न्यायालय आरोपींच्या हक्कांबाबत आखडते होऊ लागले, तेव्हा तिथलेच न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी १९७७ मधील एका गाजलेल्या लेखात राज्यांच्या न्यायालयांना आपापल्या घटनांकडे वळण्याचे आवाहन केले. ब्रेनन स्वतः आधी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात होते. राज्याच्या न्यायालयाने निकाल स्वतःच्याच घटनेवर आधारलेला आहे असे स्पष्ट लिहिले, तर वॉशिंग्टन त्यात हस्तक्षेप करणार नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिशिगनच्या एका प्रकरणात सांगितले. तेव्हापासून निकालपत्रातले एखादे वाक्य कोणत्या घटनेचा आधार घेते, यावर त्या निकालाचे भवितव्य ठरते.

१९९६ मध्ये अब्राहमसन मुख्य न्यायमूर्ती झाल्या. त्यासाठी निवड झाली नाही. १८८९ पासून राज्यघटनेचा नियम होता की सर्वांत जास्त काळ सेवेत असलेला न्यायमूर्ती आपोआप मुख्य न्यायमूर्ती होतो. निकालात मुख्य न्यायमूर्तींचे मत इतरांइतकेच, एकच. त्यांचे वेगळेपण प्रशासनात असते. राज्यभरच्या न्यायालयांचा अर्थसंकल्प, न्यायाधीशांच्या बदल्या आणि समित्या, न्यायालयांचे नियम हे सगळे त्यांच्याकडे येते. त्या काळात सर्वोच्च न्यायालय अधूनमधून मॅडिसन सोडून इतर जिल्ह्यांत जाऊन सुनावणी घेत असे. हा उपक्रम १९९३ मध्ये त्यांच्या आधी सुरू झाला होता आणि त्यांनी तो हौसेने चालवला. २००४-०५ मध्ये त्या सर्व राज्यांच्या मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेच्या अध्यक्ष होत्या. त्याआधी १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयासाठी विचारात घेतलेल्या नावांत त्यांचे नाव होते. ती जागा रूथ बेडर गिन्सबर्ग यांना मिळाली.

त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात निवडणुकांचे रूप बदलत गेले. पूर्वी या निवडणुका फारशा कोणाच्या लक्षातही येत नसत. मग न्यायालयांच्या निकालांत ज्यांचे आर्थिक हितसंबंध होते, अशा उद्योग संघटना, कामगार संघटना आणि वकिलांचे गट पैसा ओतू लागले. २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटाच्या प्रकरणात ठरवले की न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला वादग्रस्त कायदेशीर प्रश्नांवर आपले मत सांगण्यापासून रोखता येणार नाही. याची दुसरी बाजू २००९ मध्ये समोर आली. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल झाला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात येण्याआधी त्या कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराच्या विजयासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला, प्रकरणातून बाजूला झाला नाही आणि ३ विरुद्ध २ अशा बहुमताने कंपनी सुटली. वॉशिंग्टनने ५ विरुद्ध ४ मतांनी हा निकाल रद्द केला. इतक्या मोठ्या मदतीनंतर पक्षपाताचा धोका गंभीर असतो आणि अशा न्यायमूर्तीने प्रकरण ऐकणे घटनेविरुद्ध आहे, असे त्यात म्हटले. मात्र किती पैसा म्हणजे ‘फार’ हे सांगणारी रेषा आखली गेली नाही. लगेचच विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी असा नियम केला की निव्वळ कायदेशीर देणगी मिळाली म्हणून न्यायमूर्तीला प्रकरण सोडावे लागणार नाही. अब्राहमसन विरोधी तिघांत होत्या. एव्हाना त्या न्यायालयात उघड उघड दोन तट पडले होते, आणि त्या बहुधा हरणाऱ्या बाजूला असत.

२०१५ मध्ये सर्वांत मोठा तडाखा बसला. रिपब्लिकन पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने ज्येष्ठतेचा नियम काढून मुख्य न्यायमूर्ती सात जणांनी दोन वर्षांसाठी निवडावा, अशी घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवली आणि एप्रिलमध्ये ती मंजूर झाली. दुसऱ्याच दिवशी अब्राहमसन यांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. मतदारांनी आपल्याला २००९ मध्ये दहा वर्षांसाठी निवडले ते मुख्य न्यायमूर्ती म्हणून, त्यामुळे बदल करायचाच असेल तर तो २०१९ पासून लागू व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दावा फेटाळला गेला. त्याआधीच सहकाऱ्यांनी पेशन्स रॉगेनसॅक यांना मुख्य न्यायमूर्ती निवडले होते. त्या दुरुस्तीचे समर्थक म्हणत की लोकशाहीत प्रमुख निवडलेला असावा. तत्त्व म्हणून यात चुकीचे काही नाही, आणि सेवेने ज्येष्ठ म्हणून प्रमुख हा नियम फार गुणवत्तेचा आहे असेही नाही. आपल्या सरन्यायाधीशपदाच्या ज्येष्ठतेच्या परंपरेवरही हीच टीका होते. पण १२६ वर्षांचा नियम एका व्यक्तीच्या मुदतीच्या मध्यावर बदलला जातो तेव्हा त्याला केवळ तत्त्वाचा बदल म्हणणे कठीण आहे. १९७३ मध्ये दिल्लीत तिघा ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा ज्येष्ठतेच्या बाजूने जे म्हटले गेले तेच इथेही लागू पडते. नियम सामान्य असला तरी चालेल, तो माणूस पाहून बदलू नये.

पद गेल्यावरही त्या आणखी चार वर्षे न्यायमूर्ती म्हणून बसल्या, आणि बहुमतावर पकड नसलेला न्यायमूर्ती काय करू शकतो हे त्या काळात दिसते. २०१६ मधील लूमिस खटला त्याचे उदाहरण आहे. एका आरोपीला शिक्षा देताना न्यायाधीशाने संगणकीय आज्ञावलीने काढलेला ‘पुन्हा गुन्हा करण्याचा धोका’ विचारात घेतला होता. हा आकडा कसा निघतो हे आज्ञावली बनवणारी कंपनी व्यापारी गुपित म्हणून सांगत नव्हती. काही इशारे आणि मर्यादा घालून असा आकडा वापरता येईल, असे न्यायालयाने ठरवले. अब्राहमसन निष्कर्षाशी सहमत होत्या, पण त्यांनी वेगळी टिपणी जोडली. सुनावणीत न्यायालयाने ही आज्ञावली कशी चालते असे वारंवार विचारले आणि समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, म्हणून कंपनीला आपले म्हणणे मांडू द्यायला हवे होते. आज या विषयावर लिहिणाऱ्यांना ती छोटी टिपणी मुख्य निकालाइतकीच उपयोगी पडते.

२०१८ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. पुढे त्यांनी कर्करोग झाल्याचेही सांगितले. ३१ जुलै २०१९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांची मुदत संपली. विस्कॉन्सिनमध्ये न्यायमूर्तींना निवृत्तीच्या वयाचे बंधन नाही, त्यामुळे जाण्याची वेळ मतदार ठरवतात किंवा स्वतः न्यायमूर्ती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी ज्या निवडणुका लढवल्या त्या आताच्या मानाने किरकोळ वाटतात. २०२३ मधील जागेसाठी पाच कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि त्या एका जागेने न्यायालयाचे बहुमत उदारमतवाद्यांकडे गेले. त्याच वर्षअखेर न्यायालयाने विधिमंडळाच्या मतदारसंघांचे नकाशे ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केले, आणि २०२५ मध्ये १८४९ चा गर्भपातविरोधी कायदा आता लागू नाही असे त्याच फरकाने ठरवले. २०२५ च्या निवडणुकीत खर्च दहा कोटी डॉलरच्या आसपास गेला. त्यात इलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांचा वाटा दोन कोटींहून अधिक होता, तरी त्यांचा उमेदवार सुमारे दहा टक्क्यांनी हरला.

आता अब्राहमसन यांच्या जागेचे. २०१९ मध्ये ती ब्रायन हेगडॉर्न यांनी सुमारे सहा हजार मतांच्या फरकाने जिंकली. रिपब्लिकन राज्यपालांचे कायदा सल्लागार राहिलेल्या हेगडॉर्न यांना निवडून आणणाऱ्यांना ते कसे मत देतील याची खात्री होती. डिसेंबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी विस्कॉन्सिनमधील दोन लाखांहून अधिक मते बाद करण्यासाठी केलेला दावा न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला. चौथे मत हेगडॉर्न यांचे होते आणि बहुमताचे निकालपत्रही त्यांनीच लिहिले. अशा मागण्या निवडणुकीआधी करायच्या असतात, निकाल लागल्यावर नव्हेत, हे त्यांचे मुख्य कारण होते. त्यांची मुदत २०२९ मध्ये संपते.